हॅच टेकडीचं फाटक

लॉरेन थिबोचं म्हणणं साधं होतं. ज्याला डोळ्यांपुढचा चिखल दिसत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नये. हे वाक्य ती गेल्या वसंतात तेवीस वेळा बोलली होती, कारण तेवढ्या गाड्या तिने हॅच टेकडीच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर लावून ओढून काढल्या होत्या आणि प्रत्येक गाडीवाल्याला हे ऐकवल्याशिवाय तिने पट्टा सोडला नव्हता.

हॅच टेकडीचा रस्ता म्हणजे नावाला रस्ता. दोनशे वर्षांपूर्वी त्यावरून बैल जात. आता गाव त्यावर खडी टाकत नाही की बर्फ लोटत नाही. मार्च लागला की वरचा थर वितळतो, खालची जमीन गोठलेलीच असते, पाण्याला जायला वाट उरत नाही आणि मधल्या घळीत गुडघाभर लापशी होते. वेस्ट हार्लोतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. फक्त फोनमधल्या नकाशाला ठाऊक नव्हतं. त्याच्या मते हा अकरा मिनिटं वाचवणारा जवळचा मार्ग होता. आणि माणसं तरी कशी! समोर डबकं दिसतंय, पण फोनमधली बाई म्हणाली सरळ जा, म्हणून सरळ जायचं. जन्मात कधी आईचं ऐकलं नसेल तेवढं त्या बाईचं ऐकायचे.

न्यू जर्सीचा एक गृहस्थ बुडत्या गाडीच्या टपावर बसून लॉरेनशी वाद घालत होता, की इथे रस्ता आहे म्हणजे आहे, हे बघा, नकाशात दिसतोय. एका नवऱ्या मुलाने चाकांखाली गाडीतली पायपुसणी घातली आणि अ‍ॅक्सिलरेटर असा दाबला की ती मागे उभ्या असलेल्या सासऱ्याच्या छातीवर जाऊन बसली. एका बाईने तर विचारलं, हा ट्रॅक्टरचा कार्यक्रम हॉटेलवाल्यांनी ठेवलाय का, आणि मुलांना वर बसवता येईल का. लॉरेनचं पित्त खवळलं. मुलांना मात्र तिने बसवलं, त्यांचा काय दोष. नकाशावाल्यांना तिने तीन पत्रं लिहिली होती. तिन्हींना एकच उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

गाडी काढून दिल्याबद्दल तिकडे कुणी पैसे घेत नाही. घ्यायची ती गोष्ट. ज्याने गाडी काढली, गोष्ट त्याची. ती दुकानात, चर्चच्या जेवणात, जन्मभर सांगायचा त्याला हक्क, आणि अडकलेल्याने मान खाली घालून ऐकायची. गावच्या रस्त्यांचा मुकादम एल्विन स्टॉडर्ड या कामात पक्का. एका म्हाताऱ्याच्या दफनाला, शवपेटीच्या शेजारी उभं राहून, मयताची गाडी अठ्ठ्याऐंशी साली शेणखड्ड्यात कशी गेली हे त्याने सांगितलं होतं, आणि विधवेसकट सगळे हसले होते. लॉरेन एकेचाळीस वर्षं गाडी चालवत होती आणि आजवर कुणाच्याही गोष्टीत नव्हती. याचा तिला फार तोरा होता.

गेल्या वर्षीच्या तेवीस गाड्यांत एक अ‍ॅम्ब्युलन्स होती. तिथे मात्र लॉरेनचं हसणं संपलं.

तिचा नवरा नॉर्म एप्रिलमधे स्वयंपाकघरात घसरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. गावची अ‍ॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली, म्हणून शेजारच्या जिल्ह्यातली निघाली. तिच्यावरची पोरं नवी. तीही फोन बघत टेकडीवरून आली आणि घळीत रुतली; तिचा भोंगा घरापर्यंत ऐकू आला. लॉरेनला नवऱ्याला फरशीवर तसाच सोडून ट्रॅक्टर काढावा लागला, आणि त्याला न्यायला आलेली गाडी आधी घरापर्यंत ओढत आणावी लागली. नॉर्म वाचला. आता पाय ओढत चालतो. आणि वर ती गोष्ट तोच रंगवून सांगायचा: मी त्या पोरांना म्हटलं, आधी बायकोला तुम्हाला वाचवू दे, मग तुम्ही मला वाचवा. पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न होता. गाव पोट धरून हसायचं. लॉरेन हसायची नाही. तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं होतं. चाळीस मिनिटं लागली होती.

म्हणून यंदाच्या गावसभेसाठी तिने ठराव दिला. यादीत चौदावा. टेकडीच्या दोन्ही टोकांना फाटक लावावं, फक्त चिखलाच्या दोन महिन्यांपुरतं. कुलूप नाही, काही नाही. ज्याला जायचं त्याने उतरावं, फाटक उघडावं, पुढे जाऊन मागे लावून घ्यावं. गाडीतून उतरल्यावर माणसाच्या बुटाला चिखल लागतो आणि त्याची अक्कल जरा ठिकाणावर येते, असा तिचा हिशोब. आणि परगावची अ‍ॅम्ब्युलन्स फाटक दिसताच डांबरी रस्त्याकडे वळेल.

ठरावावर नॉर्मने सही केली, पण एका अटीवर.

"माझं मोडलेलं हाड सभेत आणायचं नाही," तो म्हणाला. "ती गोष्ट मी सांगतो तशीच राहू दे. शपथ घे."

लॉरेनने घेतली, आणि तेव्हापासून चडफडत होती. सगळ्यात मोठा मुद्दा घरात बसवून ठेवायचा आणि न्यू जर्सीच्या टपावरच्या माणसाच्या जोरावर मतं मागायची, याला काय अर्थ आहे? तिकडे एल्विन गावभर सांगत होता की आज फाटक, उद्या कुलूप, परवा आपल्याच आजोबांच्या रस्त्यावर आपल्यालाच परवानगी. "अडकतात ते बाहेरचे. गावचा माणूस कधी अडकला का? मग परक्यांच्या मूर्खपणापायी मी रोज दोनदा गाडीतून का उतरू?" आणि अर्धं गाव माना डोलवत होतं.

मार्चचा पहिला मंगळवार, गावसभेचा दिवस उजाडला. नॉर्म मतदारयादी तपासायला बसतो, गेली तीस वर्षं, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीतून तो आठालाच गेला. लॉरेनने दुपारच्या जेवणासाठी मेपलचा पाक घालून शिजवलेल्या बीन्सची हंडी फडक्यात बांधली, धुवट पँट घातली, आणि दारावर थाप पडली.

बाहेर एक जोडपं. कनेक्टिकटचं. पायातले पांढरे बूट आता पांढरे नव्हते.

"मॅडम, आमची गाडी जरा..."

"घळीत आहे," लॉरेन म्हणाली. "नकाशा काय म्हणाला, सरळ जा?"

तरुणाने फोन खिशात टाकला. बायको म्हणाली, मी याला सांगत होते. दोघांत अक्कल कुणाला आहे ते लॉरेनला कळलं, पण गाडी नेमकी त्याच्या हातात होती.

विजेची गाडी, अडीच टनांची. पहाटेच्या थंडीने घळीवर कडक कवच धरलं होतं. हलकी गाडी त्यावरून अलगद जाते, पण हे धूड कवच फोडून आत बसलं होतं. पट्टा अडकवायचा हूक कुठे आहे ते मालकाला माहीत नव्हतं. ते फोनमधे होतं, आणि फोनला घळीत रेंज नव्हती. ज्या फोनने इथवर आणलं तो इथे मुका! लॉरेनने गुडघे टेकून पुढची प्लॅस्टिकची झाकणं एकेक उचकटली तेव्हा हूक सापडला. त्यात अर्धा तास गेला. ट्रॅक्टर पुढे घेतला, मागे घेतला, डावीकडून ओढलं, उजवीकडून ओढलं. गाडी एकदाची बाहेर आली. ठरलेलं वाक्य तिने त्यांना ऐकवलं, आल्या वाटेने महामार्गावर पिटाळलं, आणि घरी येते तो फोन वाजत होता.

नॉर्म होता. सभा यंदा भरभर चाललीये, नववा ठराव झाला, आणि तू येणार कशी? मी आल्यानंतर डांबरी रस्त्याखालची मोरी वाहून गेली, एल्विनने खड्डा उकरून ठेवलाय, तिकडून गाडी सुटत नाही.

दुसऱ्या बाजूने वळसा घालायचा तर पाऊण तास. टेकडीवरून आठ मिनिटं. लॉरेनने घड्याळ पाहिलं. पावणेदहा. घळ सावलीत असते, दहापर्यंत कवच टिकतं. हे बाहेरच्याला कळत नाही, गावचा माणूस घड्याळ बघून टेकडी चढतो. मधला भाग आत्ताच नांगरल्यासारखा झाला होता खरा, पण डावी कड शाबूत होती. तिने हंडी शेजारच्या सीटवर ठेवून पट्ट्याने बांधली आणि पिकअप काढला.

हिशोब सगळा बरोबर होता. फक्त ती डावी कड थोड्या वेळापूर्वी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांनी तिनेच खिळखिळी केली होती, एवढं तिच्या लक्षात राहिलं नाही. पिकअप दहा फूट गेला, एक उसासा टाकला आणि डाव्या अंगावर बसला.

लॉरेन आतच बसून राहिली. तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला नाही, तेवढी शहाणी होती. पण मग तिने तोही दाबला. एकेचाळीस वर्षांचा तोरा एकदम कसा सोडवेल? चाकांनी काचेवर चिखलाचा सडा घातला आणि गाडी दाराखालच्या पाटापर्यंत खाली गेली. राग कुणावर काढायचा तेही कळेना. नकाशावर काढावा तर नकाशा वापरला नव्हता. कनेक्टिकटच्या पोरावर काढावा तर तो सुखरूप महामार्गावर होता. ती दार ढकलून उतरली, घोट्याच्या वर चिखलात गेली, आणि तिथे उभी राहून जे बोलली ते चर्चमधल्या कुणी ऐकलं नाही हे बरं.

आणि मग मागून ट्रकचा आवाज आला. गावाचा पिवळा ट्रक, चाकांना साखळ्या. मोरीच्या कामामुळे एल्विनचा ट्रक खड्ड्याच्या या बाजूला राहिला होता. त्यालाही ठरावाविरुद्ध बोलायला सभेला पोचायचं होतं, आणि त्यालाही टेकडीच उरली होती.

एल्विन उतरला. त्याने पिकअपकडे पाहिलं, मग लॉरेनच्या पँटकडे. टोपी मागे सरकवली. लॉरेनने दात आवळले. वीस वर्षं हा माणूस या घटकेची वाट पाहत होता. आता हिचं नाव दुकानातल्या शेगडीभोवती, दर वसंतात, हिच्या दफनाच्या दिवसापर्यंत. पण त्याने ओढायची साखळी काढली, पिकअप मागे ओढून कोरड्यावर ठेवला, आपल्या ट्रकचं दार उघडून धरलं.

"बस. इथून पुढे तुझी गाडी जायची नाही. हंडी घे."

ट्रक साखळ्या खडखडवत घळीतून पार झाला. लॉरेन मांडीवर हंडी धरून बसली होती.

"लॉरेन," एल्विन समोर बघत म्हणाला, "मी हे कुणाला सांगणार नाही."

तिला क्षणभर भरून आलं. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही, असं तिच्या मनात आलं. टेकडीचा उतार लागेपर्यंत ते टिकलं. उतारावर तिला शवपेटी आठवली. मेलेल्यालाही न सोडणारा एल्विन जिवंत लॉरेनला सोडेल? आणि आजच? गावचा माणूस अडकत नाही, या एका वाक्यावर ह्याचं सगळं भाषण उभं, आणि गावची बाई आत्ता पाटापर्यंत अडकलेली. हा तिची अब्रू झाकत नव्हता, आपलं भाषण झाकत होता! वर उपकाराचं तोंड! लॉरेनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण ती गप्प राहिली, कारण सांगायचं तर तिलाच सांगावं लागणार होतं, आणि तिला ते नको होतं. खरंच नको होतं. गावाने हसावं हे तिने इतक्या जणांच्या वाट्याला आणलं होतं की ते कसं असतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

शाळेच्या सभागृहात शंभरावर माणसं. सभा चालवायला कॉनी बुरो, पूर्वीची शाळामास्तरीण, हातात लाकडी हातोडी. लॉरेनने हंडी टेबलावर ठेवली, कोट पुढे ओढून पँट झाकली आणि मागच्या खुर्चीत बसली. दाराजवळच्या टेबलाशी नॉर्म यादी घेऊन होता. त्याने तिच्या बुटांकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. तिने नजर वळवली.

चौदावा ठराव वाचला गेला. लॉरेनने काल रात्री लिहिलेलं भाषण वाचलं, आणि ते पडलं. तेवीस गाड्या झाल्या, सासरा झाला, लोक हसले, पण मत देण्याच्या चेहऱ्याने कुणी हसलं नाही. मग एल्विन उठला. रस्ता आजोबांचा, हक्क आपला, आज फाटक उद्या कुलूप. आणि शेवटी, दोन्ही हात पसरून:

"मला एक गावचा माणूस दाखवा, जो हॅच टेकडीवर अडकलाय. एक."

आणि तो लॉरेनकडे बघून हसला. अगदी मायेने हसला.

त्या हसण्याने लॉरेनचं डोकं फिरलं. कॉनीने नाव पुकारायच्या आत ती उभी होती, कोट उघडा, गुडघ्यापर्यंतचा चिखल सगळ्यांपुढे.

"मी," ती म्हणाली. "आज सकाळी. पावणेदहाला."

मग तिने सगळं सांगितलं, काही शिल्लक न ठेवता. डावी कड कशी शाबूत समजली, ती आधी आपणच कशी फोडली होती, अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये हे तेवीस जणांना शिकवून स्वतः कसा दाबला. हसणं मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पुढे आलं. माणसं डोळे पुसत होती. लॉरेनचा चेहरा लाल झाला होता, पण ती थांबली नाही. कुणीतरी ओरडून विचारलं, काढली कुणी?

"एल्विनने. आणि वाटेत मला म्हणाला, मी कुणाला सांगणार नाही."

आता तर छत उडायचं बाकी राहिलं. एल्विन गप्प राहिला, ही गोष्ट गावाला पिकअपपेक्षाही भारी वाटली. एल्विन बुटांकडे बघत बसला. कॉनीने चार वेळा हातोडी आपटली.

"मला हसा," लॉरेन म्हणाली, "पण एवढं समजा. मला तो रस्ता तळहातासारखा माहीत आहे आणि तरी मी अडकले. ज्याला माहीत नाही, आणि जो घाईत आहे..." ती तिथे अडखळली. पुढचं वाक्य शपथेच्या पलीकडलं होतं. ती खाली बसली.

तोंडी मत घेतलं, कळेना. कॉनी म्हणाली, ठरावाच्या बाजूचे आहेत त्यांनी उभं राहावं, मी मोजते. माणसं उठायला लागली. काही उठली, बरीच बसून राहिली, हसून हसून थकलेली, शेजाऱ्याकडे बघत. लॉरेन मनात मोजत होती. पुरत नव्हतं.

दाराजवळ टेबल करकरलं. नॉर्म उठत होता. एक हात टेबलावर, एक खुर्चीच्या पाठीवर. कॉनीने बोट थांबवलं.

"नॉर्म, तू हात वर कर, मी धरते."

"थांब," नॉर्म म्हणाला. "उठतोय."

त्याला उठायला वेळ लागला. सगळं सभागृह ते बघत होतं. उभा राहिल्यावर तो थोडा दम खाऊन बोलला. मत मोजताना बोलायचं नसतं, पण कॉनीने त्याला अडवलं नाही.

"अ‍ॅम्ब्युलन्सची गोष्ट मी तुम्हाला खोटी सांगत आलोय. पाच-दहा मिनिटं नव्हती. चाळीस होती. मी फरशीवर होतो, आणि मला वाटलं, झालं, संपलं. मी हिला हाका मारत होतो. ही घळीत होती, ट्रॅक्टर चालू. हिला ऐकू जाणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मारत होतो." त्याने खुर्चीची पाठ धरली. "फाटक लावा."

आता कुणी हसत नव्हतं. मधल्या रांगेत दूधवाला गॅन्यन उभा राहिला, मग त्याची बायको, मग डावीकडची आख्खी रांग. खुर्च्यांचा आवाज होत राहिला. कॉनीला मोजणी पहिल्यापासून करावी लागली. एल्विन बसूनच होता. एकाहत्तर विरुद्ध बेचाळीस.

लॉरेन दाराकडे गेली. नॉर्म पुन्हा बसला होता आणि यादीवर पट्टी धरून काहीतरी तपासत होता. तपासायला आता काही नव्हतं. तिच्या मनात खूप राग होता. वर्षभर हा माणूस तिच्या शेजारी झोपला, लोकांना हसवत हिंडला आणि तिला शपथेत बांधून ठेवलं.

"हाका मारल्यास ते मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"सांगितलं असतं, तर तू परत कधी ट्रॅक्टरवर चढली नसतीस."

लॉरेनने त्याच्या हातातली पट्टी काढून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली, आणि जेवणाची हाक येईपर्यंत चिखलाच्या पँटनिशी त्याच्याजवळ बसून राहिली.